आधी खंडणीचे आकडे वाच, भाषणं नंतर

अगं,

तुझी सगळी स्क्रिप्ट वाचली. उत्तराला उशीर झाला कारण वाचता वाचता मध्येच उठून पुस्तकं काढत बसलो, आणि एकदा कपाट उघडलं की माझं काय होतं ते तुला माहितीये. मराठीत क्रुसेडवर (जेरुसलेमसाठी युरोपातल्या ख्रिश्चनांनी केलेल्या धर्मयुद्धांवर) कुणीतरी व्हिडिओ मालिका करतंय हेच मला भारी वाटलं. भाषा सुटसुटीत आहे, वेग आहे, उगाच ड्रामा नाही. पण पहिला भाग मला पटला नाही, आणि का नाही ते जरा सविस्तर लिहितो.

तू सुरुवात केलीयेस फ्रान्समधल्या क्लेरमाँच्या भाषणापासून. १०९५ चा नोव्हेंबर, पोप अर्बन दुसरा उभा राहतो, पूर्वेकडच्या ख्रिश्चनांचे हाल सांगतो, जेरुसलेमचं नाव घेतो, लोक ओरडतात 'देवाची इच्छा आहे', आणि युरोप निघाला. सगळे असंच सुरू करतात. आता गंमत बघ, त्या भाषणाचे जे मोठे वृत्तांत आहेत ते सगळे नंतर लिहिलेले आहेत, जेरुसलेम जिंकून झाल्यावर, म्हणजे शेवट माहीत असताना, आणि ते एकमेकांशी जुळत नाहीत. शार्त्रचा फुल्चर हा वृत्तांतकार जे भाषण देतो त्यात जेरुसलेमचा उल्लेखच नाही. ती आरोळी वगैरे रॉबर्ट नावाच्या मंक (म्हणजे मठातला साधू) कडून येते. तू दोघांचं मिसळून एक भाषण केलंयस आणि वर अवतरणचिन्ह टाकलंयस. ते काढ.

मग सुरू कुठून करायचं? तर त्याच काळातला एक व्यवहार घे. १०९६ मध्ये नॉर्मंडीचा ड्यूक रॉबर्ट, इंग्लंडचा राजा विल्यम रूफसचा सख्खा मोठा भाऊ, त्याने आपली अख्खी डची (ड्यूकचं राज्य) भावाकडे गहाण टाकली, १०,००० मार्क चांदीला (मार्क हे तेव्हाचं वजनाचं माप). आणि ती रक्कम उभी करायला विल्यमने इंग्लंडमधल्या लोकांवर जबर कर बसवला. बुयाँचा गॉडफ्रे, जो पुढे जेरुसलेमचा पहिला फ्रँक (म्हणजे पश्चिम युरोपातून आलेला ख्रिश्चन) शासक झाला, त्यानेही आपला किल्ला लीएजच्या बिशपकडे ठेवून पैसे उचलले. बघ, यात भाषण नाही, आरोळी नाही, पण माणूस किती खरा होता ते यातून जास्त कळतं. कारण आपल्याकडे सरसकट म्हणतात ना की धर्म हा नुसता बहाणा होता, हे सगळे लुटायला गेले होते, तर लुटायला जाणारा माणूस आपलं राज्य गहाण टाकून हजारो किलोमीटर चालत नाही गं. बहुतेकांना त्यात तोटाच झाला आणि ते जाताना त्यांना साधारण माहीतही असणार. म्हणजे हिशोबाची वही उघडली की श्रद्धा गायब होत नाही, उलट तिची किंमत दिसते. मला तुला मुख्य हेच सांगायचंय, की या दोनशे वर्षांत लोक जे बोलले ते नंतर वाच, आधी त्यांनी काय दिलं, काय घेतलं, कशावर सही केली ते वाच.

आणि याचीच दुसरी बाजू, जी तुझ्या स्क्रिप्टमध्ये अजिबात नाहीये, ती म्हणजे ऱ्हाइनकाठचे ज्यू. १०९६ च्या वसंतात, मुख्य फौजा निघायच्याही आधी, एमिको नावाच्या सरदाराच्या टोळ्यांनी श्पायर, वर्म्स, माइन्झ इथल्या ज्यूंवर हल्ले केले. श्पायरच्या बिशपने बऱ्याच जणांना वाचवलं. माइन्झच्या लोकांनी संरक्षणासाठी बिशपला पैसे दिले, एमिकोलाही सोनं पाठवलं, गॉडफ्रेला आधीच चांदी देऊन झाली होती. एमिकोने सोनं घेतलं आणि तरी शहरात घुसून कत्तल केली. हा प्रसंग वगळू नकोस प्लीज. ख्रिश्चन-मुस्लिम युद्ध म्हणून मालिका करताना पहिली मोठी कत्तल तिसऱ्याच लोकांची झाली हे प्रेक्षकाला कळलंच पाहिजे. शिवाय 'सगळं पैशासाठी' म्हणणाऱ्यांनाही हे उत्तर आहे, पैसे मिळाले होते, तरी मारलं.

आता १५ जुलै १०९९, जेरुसलेम पडलं. तू लिहिलंयस ७०,००० मारले आणि रक्त घोड्यांच्या लगामापर्यंत आलं. ७०,००० हा आकडा मुस्लिम इतिहासकार इब्न अल-अथीरचा, आणि तो माणूस जन्मलाच ११६० मध्ये. लगामाचं वाक्य क्रुसेडबरोबर गेलेल्या वृत्तांतकाराचं, आगिलेर्सच्या रेमंडचं, तो स्वतः तिथे हजर होता हे खरं, पण ते वाक्य त्याने डोळ्यांनी बघून लिहिलेलं नाही, ते बायबलच्या शेवटच्या पुस्तकातून उचललंय, प्रकटीकरण, अध्याय १४, ओवी २०. त्याला रक्ताची खोली मोजायची नव्हती, त्याला सांगायचं होतं की देवाचं भाकीत खरं झालं. म्हणजे कत्तल झाली नाही असं नाही, कत्तल झाली आणि भयानक झाली, दोन्हीकडचे सांगतात. पण आकडा बेभरवशाचा आहे, तो बोलू नकोस.

त्याऐवजी एक वेगळा कागद सांगतो. कैरोच्या जुन्या भागात, फुस्तातमध्ये, एका सिनेगॉगच्या (ज्यूंच्या प्रार्थनामंदिराच्या) खोलीत शेकडो वर्षं ज्यू लोकांचे जुने कागद साठले होते, गेनिझा म्हणतात त्याला. त्यात जेरुसलेम पडल्यावर साधारण वर्षभरात अॅस्कलॉनहून लिहिलेलं एक पत्र आहे. अॅस्कलॉन तेव्हा अजून इजिप्तच्या फातिमी राज्याकडे होतं. तिथल्या समाजाचे वडीलधारे इजिप्तमधल्या लोकांना लिहितायत की आम्ही फ्रँकांच्या कैदेतले लोक सोडवतोय, पुस्तकंसुद्धा विकत घेऊन सोडवली, कर्ज झालंय, अजून पैसे पाठवा. बस. कुणाला शिव्या देत बसायलाही त्यांना फारसा वेळ नाही, किती माणसं सुटली, किती राहिली, कोण आजारी पडून गेलं, पैसे. मला विचारशील तर जेरुसलेमच्या पाडावाचं याहून खरं वर्णन नाही. आणि याच गेनिझात भारताशी मिऱ्या-मसाल्याचा व्यापार करणाऱ्यांचीही पत्रं आहेत, पण तो वेगळा विषय, त्यात शिरलीस तर क्रुसेड राहूनच जाईल.

भाग तीनमध्ये तू नकाशा दाखवलायस, अर्धा हिरवा अर्धा लाल. तो नकाशा ११०८ ला आणून बघ. अँटिऑक आणि एडेसा ही फ्रँकांनी तिकडे उभी केलेली दोन राज्यं. अँटिऑकचा टँक्रेड आणि एडेसाचा बाल्डविन, दोघं फ्रँक, दोघं पहिल्या क्रुसेडचे. बाल्डविन चार वर्षं मुसलमानांच्या कैदेत होता, तेवढ्यात एडेसा टँक्रेडकडे गेलं, बाल्डविन सुटून आला तर हा परत द्यायलाच तयार नाही. मग लढाई झाली तुर्बेसेलजवळ. बाल्डविनच्या बाजूला कोण, तर ज्याने त्याला सोडलं तो तुर्क सरदार जवाली. टँक्रेडच्या बाजूला कोण, तर अलेप्पोचा रिदवान. दोन्हीकडे क्रॉस, दोन्हीकडे चंद्रकोर. आणि हे जेरुसलेम घेतल्यानंतर फक्त नऊ वर्षांनी.

११४० चं तर मला फारच आवडतं. मोसुल-अलेप्पोचा तुर्क शासक झेंगी दमास्कसवर टपून बसलेला. दमास्कसचा कारभार उनूरच्या हातात. तो सरळ जेरुसलेमच्या राजाकडे, फुल्ककडे गेला, झेंगीला हटवायला मदत करा, महिन्याला २०,००० सोन्याची नाणी खर्चाला देतो, आणि बानियास नावाचा किल्ला मिळाला की तो तुमचा. झेंगी मागे फिरला, दोघांनी मिळून बानियास घेतला, आणि उनूरने शब्द पाळून तो फ्रँकांना दिलासुद्धा. आता यापुढे ११४८ ठेव. दुसऱ्या क्रुसेडमध्ये फ्रान्सचा लुई सातवा आणि जर्मनीचा कॉनराड तिसरा एवढे लांबून आले, एडेसा झेंगीने घेतलं म्हणून आले, आणि हल्ला कुणावर केला? दमास्कसवर! म्हणजे झेंगीच्या घराण्याला घाबरणारं त्या भागातलं सगळ्यात मोठं मुस्लिम शहर, त्याच्यावर. उनूरला नाइलाजाने झेंगीच्याच मुलाला, नूरुद्दीनला हाक मारावी लागली. चार-पाच दिवसांत वेढा उठला, आणि सहाच वर्षांत, ११५४ ला, दमास्कस नूरुद्दीनच्या खिशात. नीट बघितलंस तर पुढे इजिप्त-सीरियाचा सुलतान झालेल्या सलाउद्दीनला जी एकसंध ताकद मिळाली तिचा पाया काही अंशी या चुकीत आहे. तुझ्या स्क्रिप्टमध्ये दुसऱ्या क्रुसेडला दोन वाक्यं दिलीयेस. त्याला पूर्ण भाग दे.

त्या ११४० च्या भानगडीत उनूरचा वकील म्हणून जेरुसलेमला ये-जा करणारा माणूस म्हणजे उसामा इब्न मुन्किध, सीरियातला सरदार आणि लेखक, तुझा लाडका. त्याचा जेरुसलेमच्या अल-अक्सा मशिदीतला किस्सा तू घेतलायस, तो नमाज पढत असताना नवीन आलेला एक फ्रँक त्याचं तोंड ख्रिश्चनांसारखं पूर्वेकडे वळवतो आणि उसामाचे टेंप्लर (लढवय्या ख्रिश्चन साधूंच्या संस्थेतले) मित्र त्या माणसाला बाहेर काढून माफी मागतात, हा नवीन आलाय हो, असं म्हणून. किस्सा सुंदर आहे, ठेव. फक्त एवढं लक्षात ठेव की उसामाने हे पार म्हातारपणी लिहिलं, तो १०९५ चा जन्म, नव्वदीत पोचलेला, आणि तो किस्सेबहाद्दर होता, दरबारात रंगवून सांगायची सवय असलेला. फ्रँक डॉक्टर कुऱ्हाडीने पाय तोडायला लावतो तो किस्सा तू घेतलास, पण त्याच्याच पुढे तो फ्रँकांचे दोन चांगले इलाजही सांगतो, ते सगळे वगळतात, तूही वगळलेस. दोन्ही घे.

सलाउद्दीनवर तू तीन भाग केलेयस. समजू शकतो, व्ह्यूज तिथे आहेत. पण २ ऑक्टोबर ११८७ ला जेरुसलेम घेतलं ते 'दया म्हणून सगळ्यांना सोडलं' हे अर्धं आहे. आधी तो शहर बळाने घ्यायला निघाला होता, १०९९ चा बदला म्हणून. आतून शहर लढवणारा फ्रँक सरदार, इबेलिनचा बेलियन आला आणि म्हणाला, शरणागती घेत नसाल तर आम्ही आतले मुसलमान कैदी मारू, घुमटाची मशीद पाडू, मग लढून मरू. त्यावर सौदा झाला. पुरुषाला १० दिनार, बाईला ५, मुलाला १ किंवा २, मुदत ४० दिवस. गरिबांसाठी ३०,००० दिनारांत ७,००० माणसं अशी ठोक रक्कम ठरली. तरी हजारो लोकांचे पैसे भरले गेले नाहीत आणि ते गुलाम म्हणून गेले. हे सांग. आणि हेही सांग की सलाउद्दीनच्या भावाने, अल-आदिलने, हजार गुलाम मागून घेतले आणि सोडून दिले, सलाउद्दीनने स्वतःही बरेच म्हातारे, विधवा सोडल्या. आणि ख्रिश्चनांचा पेट्रिआर्क (तिथला सर्वोच्च धर्मगुरू) हेराक्लियस स्वतःचे १० दिनार भरून चर्चचा खजिना गाड्यांवर लादून बाहेर पडला, इकडे गरीब मागे राहिलेले. सलाउद्दीनचे अधिकारी म्हणाले जप्त करा, तो म्हणाला करार झालाय, जाऊ दे. मला त्याचा मोठेपणा कुठे दिसत असेल तर इथे, दयेत नाही, शब्द पाळण्यात.

(त्याआधी हित्तीनच्या लढाईनंतर सलाउद्दीनने टेंप्लर आणि त्यांच्यासारख्याच हॉस्पिटलर संस्थेच्या कैद्यांची डोकी उडवली हेही असू दे. आणि ऑगस्ट ११९१ ला अक्रा बंदरासमोर इंग्लंडचा राजा रिचर्ड याने सुमारे २,७०० कैदी मारले, तेही खंडणीचा हप्ता लांबला म्हणून, ते तर तू घेतलंच आहेस.)

जेरुसलेमच्या ११८७ च्या पाडावानंतर इंग्लंड-फ्रान्समध्ये ११८८ ला एक कर आला, उत्पन्नाचा आणि चीजवस्तूचा दहावा हिस्सा, लोकांनी त्याला नाव दिलं 'सलाउद्दीनचा दशांश'. जो स्वतः मोहिमेवर जाईल त्याला माफ. फ्रान्समध्ये एवढी बोंबाबोंब झाली की राजाला तो मागे घ्यावा लागला. हे छोटंसं आहे पण टाक कुठेतरी, लोकांना कर कळतो.

चौथं क्रुसेड तर सगळंच हिशोबाचं. १२०१ मध्ये व्हेनिसशी करार झाला, ३३,५०० माणसं आणि ४,५०० घोडे न्यायचे, ८५,००० मार्क. व्हेनिसने जहाजं बांधली. आणि आली जेमतेम एक तृतीयांश माणसं. लग्नाला हजार पानांची ऑर्डर दिली आणि तीनशे पाहुणे आले तर केटरर काय करेल, तेच दांदोलोने केलं, व्हेनिसचा डोज म्हणजे प्रमुख, म्हातारा, जवळपास आंधळा, पण पक्का. पैसे नाहीत ना, मग आमच्यासाठी झारा जिंकून द्या. झारा ख्रिश्चन शहर. तिथून मग बायझंटाइन (कॉन्स्टँटिनोपलच्या पूर्वेकडच्या ख्रिश्चन साम्राज्याचा) राजपुत्र अलेक्सिओसचं आश्वासन, मला गादीवर बसवा, २,००,००० मार्क देतो. बसवलं, त्याला पूर्ण देता येईना, आणि एप्रिल १२०४ मध्ये क्रुसेडवाल्यांनी कॉन्स्टँटिनोपल लुटलं, तेव्हाचं ख्रिश्चन जगातलं सगळ्यात मोठं शहर. तू याला 'विश्वासघात' म्हणून पाच मिनिटांत संपवलंस. कट वगैरे होता का यावर भांडणं चालूच आहेत, मला स्वतःला कटापेक्षा कर्ज जास्त पटतं. आणि एक मजा, याचा मुख्य इतिहासकार व्हिलार्दुआँ हा त्या १२०१ च्या करारावर वाटाघाट करणाऱ्या सहा जणांपैकी एक. म्हणजे माणसांचा अंदाज ज्यांनी चुकवला त्यातलाच हा, आणि पुस्तकभर दोष कुणाला देतो, तर जे दुसऱ्या बंदरांतून परस्पर गेले त्यांना. असं वाचायचं असतं मूळ साधन. काय लिहिलंय याबरोबर लिहिणाऱ्याचं काय अडकलंय तेही बघायचं.

आता माझी खरी मागणी. १२२९ वर भाग कर. तुझ्या आठात तो नाहीच. जर्मनी-इटलीचा सम्राट फ्रेडरिक दुसरा, पोपने बहिष्कृत केलेला, तरी मोहिमेवर निघाला. समोर इजिप्तचा सुलतान अल-कामिल, सलाउद्दीनचा पुतण्या, जो दमास्कसच्या आपल्याच भावाशी आणि मग पुतण्याशी भांडत होता. दोघांना लढायचं नव्हतं. फख्रुद्दीन नावाचा अमीर ये-जा करत राहिला, आणि १८ फेब्रुवारी १२२९ ला करार झाला, जेरुसलेम, बेथलेहेम ख्रिश्चनांना, हरम अल-शरीफ म्हणजे घुमटाची मशीद आणि अल-अक्सा मुसलमानांकडेच, तह सुमारे दहा वर्षांचा. शहरासाठी एक लढाई झाली नाही. ज्या शहरासाठी रिचर्ड एवढा झगडला आणि ज्याच्या आत तो कधी पाऊलही टाकू शकला नाही ते शहर कागदावर मिळालं.

आणि लोकांनी काय केलं? जेरुसलेमच्या पेट्रिआर्कने शहरातल्या धार्मिक विधींवरच बंदी घातली, बहिष्कृत माणसाने आणलं म्हणून. दमास्कसमध्ये मशिदीत शोक झाला, सिब्त इब्न अल-जौझी या प्रवचनकाराने अल-कामिलविरुद्ध लोकांना रडवणारं प्रवचन केलं. मे महिन्यात फ्रेडरिक अक्राहून परत निघाला तेव्हा बंदराच्या वाटेवर खाटिकांनी त्याच्यावर आतडी आणि घाण फेकली. न मारता शहर मिळवलं होतं गं, तरी. जेरुसलेममध्ये त्याच्या मानासाठी अजान थांबवली होती तर तो म्हणाला का थांबवली, मला ऐकायची होती, असं मुस्लिम इतिहासकार इब्न वासिल सांगतो. हा किस्सा थोडा गोड आहे, 'इब्न वासिल सांगतो' असं म्हणूनच घे. शहराच्या भिंती बांधायच्या की नाही यावर दोन्हीकडचे लेखक वेगवेगळं सांगतात, तेही प्रामाणिकपणे बोल. तह १२३९ ला संपला, १२४४ ला ख्वारज्मी टोळ्यांनी शहर लुटलं. हे ख्वारज्मी म्हणजे मंगोलांनी उखडलेले लोक, ज्यांचा राजा जलालुद्दीन १२२१ मध्ये सिंधू नदीत घोडा घालून पळाला होता, तोच. त्याच वर्षी गाझाजवळ ला फोर्बीला फ्रँक आणि दमास्कस-होम्सच्या फौजा एकत्र लढल्या, इजिप्तविरुद्ध, आणि सपाटून हरल्या. तुझा हिरवा-लाल नकाशा इथेही फाटतो.

फ्रान्सचा राजा लुई नववा याचा प्रसंगही हवाय मला. १२५० मध्ये इजिप्तमध्ये पकडला गेला, खंडणी ४,००,००० लिव्र (फ्रेंच चलन), अर्धी आधी द्यायची. पैसे तोलायला दोन दिवस लागले. ३०,००० कमी पडले तर टेंप्लर म्हणाले आमच्याकडे लोकांच्या ठेवी आहेत, देता येणार नाहीत, मग राजाचा सोबती आणि चरित्रकार ज्वांव्हील कुऱ्हाड घेऊन पेटी फोडायला गेला तेव्हा किल्ली मिळाली. नंतर एक सरदार म्हणाला की तोलताना आपण त्यांना १०,००० ला फसवलं, तर राजा चिडला आणि पूर्ण भरायला लावले. ज्याला मारायला आला होता त्याच्या मापात खोट नको. हा माणूस कुठल्या खान्यात बसवशील?

शेवटच्या भागात तू पानिपत आणि तालिकोटा ओढून आणलंयस. काढ. कमेंट्समध्ये जी मारामारी होईल तिला तू पुरी पडणार नाहीस आणि त्याचा या विषयाशी संबंधही नाही. आपल्याकडचा खरा धागा हवाच असेल तर गोव्याचा घे. टेंप्लर संस्था १३१२ ला बंद झाली, पोर्तुगालच्या राजाने १३१९ मध्ये तिची तिथली मालमत्ता 'ऑर्डर ऑफ क्राइस्ट' या नव्या संस्थेला दिली, आणि त्याच संस्थेचा क्रॉस पोर्तुगीज जहाजांच्या शिडांवर होता. १५१० मध्ये आल्बुकर्कने गोवा घेतल्यावर मुसलमानांची कत्तल केली, आणि ते घ्यायला त्याला मदत केली तिमोजा या हिंदू सरदाराने. एवढं दोन मिनिटांत सांग आणि थांब.

वाचायला आधी तीनच घे, सगळ्यांची इंग्रजी भाषांतरं मिळतात. उसामा. मग दमास्कसचा इतिहासकार इब्न अल-कलानिसी, तो त्या काळात तिथेच राहत होता, अथीरसारखा मागाहून नाही. आणि फ्रँकांचा इतिहासकार, टायरचा विल्यम, जो जेरुसलेममध्येच जन्मला. अॅना कोम्नेना, बायझंटाइन सम्राटाची मुलगी, नंतर, ती वडिलांची बाजू फार घेते, पण क्रुसेडवाले बापाच्या दरबारात आले तेव्हा ती तेरा-चौदा वर्षांची घरातच होती, त्यामुळे माणसांची वर्णनं मस्त आहेत.

तर १२२९ चा भाग आधी लिही आणि मला पाठव, बाकीचे रेकॉर्ड करायची घाई नको. आणि थंबनेलवर तो ज्वाळांमधला तलवारवाला घोडेस्वार टाकू नकोस, फ्रेडरिकचं सोन्याचं नाणं आहे, ऑगुस्टालिस, १२३१ पासूनचं, त्याचे चांगले फोटो म्युझियमच्या साइट्सवर सापडतील, हक्क तेवढे तपासून घे.